वाढीव वर्षे कोणाच्या वाट्याला?

‘बाईची जात चिवट’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. जीवशास्त्र त्याला काही अंशी दुजोराच देते. स्त्रीच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन असतात. एकावरच्या जनुकात दोष निघाला तर दुसऱ्यावरचे बहुधा निभावून नेते. पुरुषाजवळ ते एकच. शिवाय विडी, दारू, अपघात यांनी पुरुष अधिक मरतात. दारूने अकाली गेलेले बाप आणि मागे राहून घर ओढणाऱ्या आया मी या वाचकांना दाखवायला नकोत.

मग मला प्रश्न पडतो तो असा. १९७०-७५ च्या नोंदींनुसार भारतात पुरुषाचे आयुर्मान ५०.५ वर्षे आणि स्त्रीचे ४९ का होते? १९८१-८५ मध्ये ती जेमतेम पुढे सरकली. २०१६-२० मध्ये पुरुष ६८.६, स्त्री ७१.४. एवढ्या काळात गुणसूत्रे काही बदलली नाहीत. बाळंतपणे कमी झाली, ती दवाखान्यात होऊ लागली, लेकींनाही लस मिळू लागली. निसर्गाने दिलेली वर्षे तोवर अर्धपोटी जेवण, लागोपाठची बाळंतपणे आणि मुलीच्या दुखण्याकडे केलेला काणाडोळा यांनीच खाल्ली होती.

रमाईंची पाचांपैकी चार मुले गेली आणि २७ मे १९३५ रोजी, चाळिशीही न गाठता, त्या स्वतः गेल्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने रोहम यांनी मांडला. सभागृहाने तो फेटाळला. बाईचे आयुष्य हा कायदेमंडळाचा विषय आहे, हे तेव्हा फार थोड्यांना पटत होते.

आता जातीकडे, तिच्या खऱ्या अर्थाने. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात म्हटले की भारतातील दलित स्त्रीचे मृत्युसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. कार्यकर्त्यांनी हा आकडा जपून वापरावा. मृत्युसमयीचे सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे. ज्या समाजात लहान मुले अधिक, तेथे ते आपोआप खाली येते. पण पाणी, संडास, दवाखाना यांतला फरक हिशेबात धरला तरी सगळी तफावत मिटत नाही, हेही त्याच अहवालात आहे.

सरकारच्या नमुना नोंदणीतून आयुर्मानाची कोष्टके स्त्री-पुरुष, ग्रामीण-नागरी अशी निघतात. जातवार निघत नाहीत. ७१.४ मध्ये आपली आई कोठे बसते, हे त्यांतून शोधता येत नाही.