नावामागचे सोळा अंक

आमच्यात शेख आडनावाची माणसे किती, ते एखाद्या पोस्टमनला विचारावे. इंग्रजीत लिहिताना त्यात कुणी 'ए-आय' घालतो, कुणी 'ई-आय', तर कुणी नुसता 'ई'. पोस्टमनचे काही अडत नाही; तो माणूस ओळखतो. संगणकाला मात्र फक्त अक्षरे दिसतात. एकाच शेखची तीन स्पेलिंगे म्हणजे त्याच्या लेखी तीन माणसे, आणि पन्नास निरनिराळे 'ए. शेख' म्हणजे एकच माणूस!

शोधनिबंधांच्या दुनियेत हा घोळ महागात पडतो. लग्नाआधीचे निबंध माहेरच्या नावावर आणि नंतरचे सासरच्या नावावर असले, की एकाच बाईंचे काम दोघींत वाटले जाते. बढती किंवा अनुदान देताना कामाची मोजणी होते, तेव्हा अर्धे आयुष्य हिशेबातून गळते.

आपल्या साहित्याला हे दुखणे जुनेच. आम्ही गझल लिहिणारे शेवटच्या शेरात तखल्लुस घालतो, संत अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा घालत. तरी नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेच. मुद्रा दोघांचीही 'नामा'! कुठला अभंग कुणाचा, हे निवडता निवडता अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या.

संशोधकांसाठी यावर २०१२ च्या ऑक्टोबरात एक तोड निघाली. तिचे नाव ऑर्किड. नफा न कमावणारी ही संस्था प्रत्येक संशोधकाला १६ स्थानांचा क्रमांक देते, तोही विनामूल्य. चार-चार अंकांचे चार गट असतात. शेवटचा अंक आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. टाइप करताना एखादा अंक चुकला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. हे उत्तर कधी दहा येते. दहा एका घरात मावेना, म्हणून तिथे रोमन दहा, म्हणजे 'एक्स', लिहितात. नोकरी, आडनाव, देश काहीही बदलले, तरी क्रमांक तोच राहतो.

माणसाला जसा हा क्रमांक, तसा निबंधाला डीओआय. तो नेहमी १० ने सुरू होतो. पुढे तो नोंदवणाऱ्या प्रकाशकाची खूण, मग तिरकी रेघ आणि त्या निबंधाची स्वतःची खूण. संकेतस्थळाचा पत्ता बदलला, की प्रकाशकाने नवा पत्ता नोंदणी संस्थेला कळवायचा. वाचक जुन्याच क्रमांकावरून नव्या जागी पोहोचतो. प्रकाशकाने दुकान बंद केले आणि कुणालाच काही कळवले नाही, तर मात्र क्रमांक उरतो, निबंध सापडत नाही. निबंध देताना लेखकाने आपला ऑर्किड क्रमांक दिला, तर दोन्ही नोंदी जोडल्या जातात आणि त्याच्या संमतीने नवा निबंध आपोआप त्याच्या खात्यात जमा होऊ शकतो.

पण क्रमांक म्हणजे विद्वत्तेचा दाखला नव्हे. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात १९२९ साली कुणीतरी सूचनाफलकावर जोसाया कारबेरी नावाच्या प्राध्यापकाच्या व्याख्यानाची थाप लावली. पुढे त्यांचा खास विषय ठरला, फुटकी मडकी! हे गृहस्थ कधी जन्मलेच नाहीत, तरी ऑर्किडने नमुना म्हणून त्यांच्या नावे क्रमांक ठेवला आहे. निबंध खरा की खोटा, चांगला की टाकाऊ, ते शेवटी वाचूनच ठरवायचे.

मला खंत आहे ती मराठीची. आपल्या कितीतरी नियतकालिकांतले उत्तम लेख अशा क्रमांकावाचून पडून आहेत. या पद्धतीला देवनागरीचे वावडे नाही. इंग्रजी निबंधांइतकाच मराठी निबंधालाही डीओआय मिळू शकतो. तो घेण्याची खटपट संपादकांनी आणि विद्यापीठांनी करायला हवी.

तरुण संशोधकांनी तोवर निदान आपली नोंद पुरी करावी. ऑर्किडच्या नोंदीत 'इतर नावे' असा एक रकाना असतो. तिथे माहेरचे नाव लिहिता येते, देवनागरीतले लिहिता येते, आणि शेखची तिन्ही स्पेलिंगेसुद्धा.