कुत्रीचं पोट फुगलं म्हणजे ती गाभणच असेल असं नाही



मागच्या महिन्यात द्वारकेला आपल्या संघाची बैठक झाली. बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या मळ्यावरची सात-आठ वर्षांची कुत्री चार दिवस भाकरीला तोंड लावत नव्हती, पाणी मात्र सारखी पीत होती. पोट फुगलेलं. घरच्यांना वाटलं, गाभण आहे. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता, कुत्री गेली. राखणीची कुत्री आपल्यापैकी खूप जणींच्या दारात आहे, म्हणून या वेळी हा विषय.

आजार काय आहे?

कुत्रीच्या गर्भाशयात, म्हणजे पिशवीत, पू साचतो. डॉक्टर याला पायोमेट्रा म्हणतात. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. माज संपल्यावर, ती गाभण राहो न राहो, पुढचे दोनेक महिने तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन जास्त असतं. त्याने पिशवीचं अस्तर जाड होतं आणि जंतूंशी लढायची तिथली ताकद कमी होते. माजाच्या वेळी आत शिरलेले जंतू मग तिथेच वाढतात. दर माजाला हे होत राहतं, म्हणून वय झालेल्या कुत्रीला धोका जास्त. पण तरुण कुत्रीलाही हा आजार होतो, आणि आधी पिल्लं झालेली असली तरीही होतो.

कसं ओळखायचं?

माज होऊन एक-दोन महिने झालेत आणि –
- खाणं सुटलं, कुत्री सुस्त पडून आहे
- पाणी खूप पिते, लघवीही खूप करते
- उलट्या होतात, कधी ताप येतो
- मागून घाण वासाचा, पिवळा किंवा लालसर पू जातो
- पोट फुगलंय

पू बाहेर येत असेल तर निदान कळतं तरी. पिशवीचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, फक्त पोट वाढतं. हा प्रकार जास्त घातक. पिशवी आत फुटू शकते, विष रक्तात भिनतं, किडन्या निकामी होतात.

काय करायचं?

त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. 1962 या टोल फ्री नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. शहरात न्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा, तिथे सोनोग्राफी आणि ऑपरेशन होतं का. नाहीतर द्वारकेला उतरून दवाखाना शोधण्यातच दिवस जातो.

खात्रीचा इलाज म्हणजे ऑपरेशन करून पिशवी काढणं. वेळेत झालं तर बहुतेक कुत्र्या वाचतात. नुसत्या गोळ्यांनी पू तात्पुरता कमी होतो, पुढच्या माजाला परत होऊ शकतो. घरातल्या अंगदुखीच्या, तापाच्या गोळ्या अजिबात देऊ नका, त्या कुत्र्याला विषारी ठरतात. आणि पाणी तोडू नका.

आधीच टाळता येतं

नसबंदीत अंडाशय आणि पिशवी काढली की हा धोका जवळपास संपतो, नको असलेली पिल्लंही होत नाहीत. कधी करायची ते डॉक्टरांना विचारा. माज थांबवायचं इंजेक्शन मात्र देऊ नका, त्याने हाच आजार होण्याची शक्यता वाढते. खर्चाची अडचण असेल तर गटात बोला. शेळीसाठी अंतर्गत कर्ज घेतोच ना आपण?

एक महत्त्वाचं

कुत्रीची पिशवी काढतात, म्हणून बाईचीही लगेच काढायची असं नाही, बरं का. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी 2019 मध्ये राज्यभर गाजली होती. आपल्याला घाण वासाचं पांढरं जात असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर अंगावर काढू नका. आशाताईंशी बोला, सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. बहुतेक वेळा औषधाने बरं होतं. कुणी ऑपरेशन सांगितलंच, तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

पुढच्या मासिक बैठकीत हे वाचून दाखवा. आणि घरी गेल्यावर आठवून बघा, आपली कुत्री शेवटची माजावर कधी आली होती? ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

– तुमची क्षेत्र समन्वयक