विहिरीवरच्या इंजिनाचे साल

बारामती-इंदापूरकडे शेडातले जुने ऑइल इंजिन विकायला निघाले की पहिली बोली किलोवर होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्याचा दिवसाचा भाव, गुणिले वजन. त्यातली पितळी पाटी आधीच कुणीतरी उचकटून नेलेली असते, आणि पाटी गेली की त्या यंत्राचे नाव, गाव, वय सगळेच जाते. पाटी शाबूत असली तर मात्र अर्ध्या तासात बरेच काही कळते. इंजिन कधी बनले, कुठे बनले, आणि आजच्या तारखेला त्याला कुठला सुटा भाग चालेल, हे शोधून काढणारी माणसे या दोन तालुक्यांत अजून आहेत. त्यांच्या या विद्येला कुठे प्रमाणपत्र मिळत नाही, पण ती विद्याच आहे.

या भागात इंजिने का आली, ते जमीन सांगते. नीरा डाव्या कालव्याच्या खाली ऊस डोलत होता, तर कालव्याच्या वर विहीर आणि मोट. इंदापूर तालुक्याचा मोठा भाग तर पर्जन्यछायेतला. वीज शिवारात पोचायच्या आधी मोटेचे बैल सोडून विहिरीवर इंजिन बसवणे हाच बागायतीचा रस्ता होता. पुढे वीज आली, मोटर आली, इंजिने कोपऱ्यात गेली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर भिगवण-पळसदेवच्या पट्ट्यात फुगवट्याचे पाणी उभे राहिले आणि काठावर पुन्हा इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागला, कारण भारनियमनात पाणी समोर दिसते, पण उचलता येत नाही. गुऱ्हाळ, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी हे त्यांचे उरलेले संसार.

साल काढायची रीत सांगतो. आधी पाटी रॉकेलने भिजवलेल्या चिंधीने पुसायची. पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही. ठोकलेले आकडे आधीच उथळ असतात, दोन हात फिरवले की गेले. मग वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. विलायती लिस्टरच्या बाबतीत हा नंबरच पुरेसा ठरतो. ग्लॉस्टरशायरमधल्या डर्स्ली गावच्या या कंपनीचे सीएस जातीचे इंजिन १९३० च्या सुमारास बाजारात आले. पाटीवर ‘५/१’ असेल तर पाच घोडे, एक सिलिंडर. ‘६/१’ हे त्याचे महायुद्धानंतरचे भावंड, मिनिटाला ६५० फेरे. नंबरांच्या याद्या उपलब्ध आहेत, त्यांवरून साल लागते.

देशी इंजिनांना मात्र अशी सोय क्वचितच मिळते. तिथे पाटीवरचा पत्ता वाचायचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची, कारखाना खडकीचा. पाटीवर ‘पूना’ असेल तर इंजिन बहुधा १९७८ च्या आधीचे, कारण त्या वर्षी शहराचे अधिकृत नाव पुणे झाले. पत्त्यात ४११००३ असा सहा आकडी पिनकोड असेल तर ते १९७२ च्या ऑगस्टनंतरचे. त्याआधी पिनकोडच नव्हता. भारतीय मानकाचा क्रमांक ‘आयएस १११७०’ (नीट वाचा, ‘आयएस ११७०’ नव्हे) असेल तर १९८५ नंतरचे, कारण शेतीच्या इंजिनांचे ते मानक त्या वर्षी आले. घासलेल्या पाटीवर असा एखादा एकचा आकडा सहज निसटतो, म्हणून ही ताकीद. ‘रस्टन अँड हॉर्न्सबी’ अशी जोडनावाची पाटी १९१८ च्या आधीची असूच शकत नाही, कारण लिंकनचे रस्टन आणि ग्रँथमचे हॉर्न्सबी त्या वर्षी एक झाले. त्याच नावाखाली चिंचवडचा पत्ता असेल तर ते इंजिन स्वातंत्र्यानंतरचे, इथेच बनलेले.

यातली प्रत्येक खूण एकच गोष्ट सांगते: याच्या आधीचे नाही, किंवा याच्या नंतरचे नाही. दोन्ही बाजूंनी खुणा लावत गेले की मधला पट्टा अरुंद होत जातो. इंजिनाच्या डिझेल पंपावर ‘मायको’ लिहिलेले असते. बंगळूरची ही कंपनी १९५१ ची, आणि २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले. पण पंप बदललेला असू शकतो, त्यामुळे पंपाचे साल ते इंजिनाचे साल असे धरून चालत नाही. आटे जास्त विश्वासू. बोल्टला मेट्रिक पाना सैल लागतो आणि जुना व्हिटवर्थचा पाना चपखल बसतो, म्हणजे इंजिन इंची मापाच्या घराण्यातले. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण वर्कशॉपांतून इंच जायला पुढे बराच काळ लागला. म्हणून आट्यांवरून घराणे ठरवावे, साल नव्हे. मिस्त्री अजूनही सुतात मोजतात, आठ सुतांचा एक इंच.

आणखी एक पुरावा शेडात नसतो, तलाठ्याच्या दप्तरात असतो. तगाई किंवा भूविकास बँकेचे कर्ज काढून इंजिन घेतले असेल तर त्याचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढलेला असतो आणि फेरफाराला तारीख असते. इंजिनाचे बिल कधीच उंदरांनी खाल्लेले असते, पण फेरफार सापडतो. मला हा पुरावा सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्यात कारखान्याचे साल नाही, घरात इंजिन आल्याचे साल मिळते. ज्या वर्षी त्या कुटुंबाची जमीन जिराईतची बागायत झाली, ते वर्ष.

आता सुटे भाग. किर्लोस्कर एव्ही-१ असेल तर काळजी नको. ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, १५०० फेरे, पाच घोडे. हे इंजिन इतके खपले की लायनर, पिस्टन, रिंगा, नॉझल अजून दुकानात मिळतात. लिस्टरच्या घडणीची इंजिने राजकोटला बनतात, त्यामुळे त्यांचेही भाग मिळतात. पण राजकोटचा भाग डर्स्लीच्या इंजिनात जसाच्या तसा बसेल, ही खात्री कुणी देऊ नये. कुठे बुशिंग घासावे लागते, कुठे गॅस्केट नव्याने कापावे लागते.

खरी परीक्षा कूपरची. साताऱ्याजवळच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवली. देशातल्या पहिल्या डिझेल इंजिनांत त्यांची गणना होते. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुढे हा कारखाना वालचंद समूहाकडे गेला, आणि वालचंदांचे वालचंदनगर इंदापूर तालुक्यातच. अशा जुन्या इंजिनाचा भाग दुकानात नाव सांगून मिळत नाही. तो मापाने मिळतो. जुन्या पिस्टनचा व्यास, गजन पिनचा व्यास, पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची, रिंगेची जाडी, ही चार मापे कागदावर लिहून नेली तर दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचा, कधी ट्रॅक्टरचा, पिस्टन जुळतो. न जुळल्यास लाकडी पॅटर्न करून ओतकाम. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचा त्यात हात बसलेला आहे. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजारही पालथा घालावा. तिथे वस्तू मिळते ती शोधणाऱ्याला नव्हे, व्हर्नियर घेऊन जाणाऱ्याला.

नवी रिंग आणली म्हणजे काम झाले असे नाही. ती लायनरमध्ये सोडून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. व्यासाच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), हा मिस्त्र्यांचा अंदाज. फट कमी राहिली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि लायनरवर ओरखडे पडतात; जास्त राहिली तर कॉम्प्रेशन जाते, धूर होतो. फ्लायव्हीलच्या चावीकडे तर आधी बघावे. चावी सैल असताना चालवलेल्या इंजिनाची क्रँक तुटते, आणि जुन्या इंजिनाची क्रँक तुटली की बहुतेक वेळा इंजिनच संपले. हॅंडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, हे जुनी माणसे ओरडून सांगत ते उगीच नव्हे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट जाते.

इंग्लंडमध्ये अशा इंजिनांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे. चेशरमधल्या पॉइंटनचे अ‍ॅन्सन इंजिन म्युझियम त्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि तिथे इंजिने नुसती मांडून ठेवत नाहीत, चालवून दाखवतात. आपल्याकडे ज्या यंत्राने दोन पिढ्यांचे पाणी ओढले, ते आपण किलोवर देतो. मला हे पटत नाही.

बारामतीला शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात दरवर्षी ‘कृषिक’ प्रदर्शन भरते, नवी यंत्रे बघायला दूरदूरचे शेतकरी येतात. तिथे एक मांडव जुन्या इंजिनांना द्यावा, चालू स्थितीतल्या, पाटीसकट. आणि तुमच्या शेडात इंजिन असेल तर ते विकण्याआधी पाटीचा, पंपाच्या पाटीचा आणि क्रँककेसवरच्या ओतीव अक्षरांचा स्पष्ट फोटो काढा, फेरफाराची नक्कल मिळवा, आणि दोन्ही घरातल्या लहानांच्या हाती द्या. इंजिन द्यायचेच असेल तर भंगारवाल्याच्या आधी मिस्त्र्याला विचारा. त्याला कदाचित त्यातलाच एखादा भाग कुणासाठी तरी हवा असेल.