आसडी जखम साफ करत नाही

"राहू द्या, आसडी सडकंच खाते. जखम आपोआप साफ होईल." वासराच्या नाळेत आसडी, म्हणजे माशीच्या अळ्या, वळवळताना दिसल्या की गोठ्यातलं कुणीतरी हे बोलतंच. हल्ली त्याला मोबाइलवरच्या पुराव्याची जोड मिळाली आहे: 'परदेशात तर डॉक्टरच जखमेत अळ्या सोडतात!' या भरवशावर दोन-तीन दिवस जातात आणि जखम बोटभर खोल होते.

त्या डॉक्टरांच्या अळ्या वेगळ्या. त्या ल्युसिलिया सेरिकाटा नावाच्या माशीच्या असतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, निर्जंतुक केलेल्या, मोजून सोडलेल्या आणि दोन-तीन दिवसांत काढून टाकलेल्या. अमेरिकेत 2004 साली या उपचाराला परवानगी मिळाली, तीही या सगळ्या बंधनांसह. हीच माशी ब्रिटनमध्ये मोकळ्या कुरणात जिवंत मेंढ्यांच्या लोकरीत अंडी घालते, हे मात्र व्हिडिओत सांगत नाहीत.

आपल्या जनावरांच्या जखमांत वारंवार सापडते ती क्रायसोमाया बेझियाना. निसर्गात तिची अळी मढ्यावर वाढत नाही, तिला जिवंत अंगच लागतं. मादी जखमेच्या कडेला दीडशे-दोनशे अंडी घालते. त्यासाठी गोचीड चावल्याची जागाही पुरते. दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि डोकं खाली करून मांसात शिरतात. श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असल्यामुळे तेवढं टोक वर राहतं. आपण पाहतो ती फक्त ही टोकं. तोंडं आत निरोगी मांस खात असतात. त्या जखमेच्या वासाने आणखी माद्या येतात. आठवडाभराने पोसलेल्या अळ्या मातीत गळून कोश करतात, आणि एवढ्यात जनावर दगावूही शकतं. याला 'साफ करणं' म्हणायचं?

ही गल्लत शास्त्रज्ञांचीही झाली होती. अमेरिकेतली जिवंत मांस खाणारी माशी, कॉक्लिओमाया हॉमिनिव्होरॅक्स, 1858 मध्येच नोंदली गेली. पण मढ्यावर जगणारी तिची बहीण मॅसेलारिया दिसायला इतकी सारखी, की दोघींना पुढे कित्येक वर्षं एकच समजलं गेलं. मेलेली जनावरं जाळा, पुरा, म्हणजे माशी आटोक्यात येईल, असं पशुपालकांना सांगितलं जाई. कशिंग आणि पॅटन यांनी 1933 मध्ये दोन जाती स्पष्ट वेगळ्या केल्या. हे पॅटन त्याआधी भारतात माश्यांवर काम करत होते.

आता उत्क्रांतीचा भाग. बेझियाना आणि हॉमिनिव्होरॅक्स यांच्या सवयी सारख्या, पण प्रत्येकीचे जवळचे नातलग मढ्यावर किंवा घाणीवर वाढणारे. म्हणजे जिवंत मांसाची सवय या माश्यांच्या कुळात एकदाच येऊन पसरली नाही, ती वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवली.

यावर लगेच 'एक जनुक बिघडला आणि माशी परजीवी झाली' असं कुणी म्हणतं. तेही खरं नाही. गंध ओळखायला लागणारा ऑर्को हा जनुक हॉमिनिव्होरॅक्समध्ये निकामी केला, तेव्हा तिला जनावर शोधणं जड गेलं, असं 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. पण ऑर्को केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीतही आहे! वास कोणता ओढतो, अंडी कुठे घालायची, जिवंत शरीराच्या प्रतिकाराला अळीने तोंड कसं द्यायचं, या सगळ्यासाठी अनेक जनुकांत बदल व्हावे लागतात.

गोठ्यातले आणखी काही गैरसमज असे.

'जखम सडली की किडे आपोआप होतात': रेदी या शास्त्रज्ञाने 1668 मध्येच हे खोडलं. माशी नाही, तर अळी नाही.

'गोठा स्वच्छ असेल तर आसडी होत नाही': या माशीला उकिरडा लागतच नाही, ओली जखम लागते. लखलखीत गोठ्यातल्या वासराची नाळही ओलीच असते.

'वरच्या अळ्या काढल्या की झालं': खोलवरच्या तशाच राहतात. म्हणून पशुवैद्याने जखम साफ करून औषध भरल्यावरही ती भरेपर्यंत रोज उघडून पाहावी लागते.