दोष प्रोसेसरचा, आळ ग्राफिक्स कार्डावर

गेम सुरू होताना पडदा क्षणभर गोठतो, गेम आपोआप बंद होतो आणि 'व्हिडिओ मेमरी अपुरी' अशा अर्थाचा संदेश झळकतो. तो वाचून कोणीही महागडे ग्राफिक्स कार्ड बदलण्याच्या विचाराला लागेल. मात्र, इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्या संगणकांवर हा संदेश अनेकदा दिशाभूल करणारा ठरला आहे.

'अनरियल इंजिन'वर बेतलेले गेम सुरू होताना शेडर, म्हणजे प्रकाश, छाया व रंगांचे गणित मांडणारे छोटे प्रोग्रॅम, तयार केले जातात. संकुचित करून साठवलेली माहितीही त्याच वेळी उलगडली जाते. हे काम ग्राफिक्स कार्डाचे नसून प्रोसेसरचे असते आणि तो त्यासाठी आपले बहुतेक सर्व कोअर जुंपतो. त्यात चूक झाली की माहिती विस्कळीत निघते. गेम मात्र व्हिडिओ मेमरीला दोष देऊन मोकळा होतो. माहिती उलगडणारे 'ऊडल' हे सॉफ्टवेअर बनविणाऱ्या रॅड गेम टूल्सने २०२४ मध्ये तसा खुलासाच केला होता.

जुलै २०२४ मध्ये इंटेलनेही कारण मान्य केले. प्रोसेसरमधील मायक्रोकोड गरजेपेक्षा अधिक व्होल्टेजची मागणी करीत होता. हे व्होल्टेज आणि उष्णता सोसून कोअरमधील क्लॉकचे सर्किट झिजते. त्यावर ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आले व मदरबोर्ड कंपन्यांनी ते बायोसच्या नव्या आवृत्त्यांतून दिले. त्यामुळे पुढील झीज रोखण्यास मदत होते, झालेली झीज भरून निघत नाही. म्हणूनच बायोस बदलूनही गेम बंद पडत असेल, तर विंडोज पुन:पुन्हा टाकण्यात अर्थ नाही.

खात्री करण्याचा एक सोपा मार्ग आहे. प्रथम ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाकावा, गेमच्या फाइल्स तपासून घ्याव्यात. तरीही तोच संदेश आला तर बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअरचा गुणक थोडा कमी करावा, उदाहरणार्थ ५५ वरून ५३. एवढ्याने गेम सुरळीत चालला, तर संशयाची सुई प्रोसेसरकडेच वळते. (गेम बंद न पडता संपूर्ण संगणकच अचानक बंद होत असेल, तर आधी पॉवर सप्लाय व पंखे तपासणे बरे.)

वेग कमी करून दिवस ढकलण्याचेही कारण नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली; खोक्यासह विकलेल्या प्रोसेसरसाठी ती तीनऐवजी पाच वर्षे झाली. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून संगणक जुळवून घेणाऱ्यांनी मात्र आपले बिल पाहावे. प्रोसेसर खोक्याविना, म्हणजे 'ट्रे' स्वरूपात आला असेल, तर दाद इंटेलकडे नव्हे, विक्रेत्याकडेच मागावी लागते.