शाळेचा संगणक उन्हावर चालवताना : आधी गुणाकार, मग खरेदी



सौरऊर्जेवर शाळेचा संगणक चालवायचा म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "खर्च किती येईल?" मीसुद्धा हाच विचारला होता. खरा पहिला प्रश्न वेगळा आहे. "आपला संगणक एका तासाला किती वीज खातो?" हा प्रश्न न विचारल्यामुळे माझ्या पहिल्या शाळेत गावाच्या वर्गणीची बॅटरी वर्षभरात मेली. ती चूक दुसऱ्या शाळेत होऊ नये म्हणून हा लेख.

जतमधला अनुभव

नोकरीची पहिली काही वर्षं मी सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत होते. ऊन भरपूर, लाईट मात्र भरवशाची नाही. शाळेला एक जुना डेस्कटॉप मिळाला होता, तोही खोक्यासारख्या जाड मॉनिटरचा. मुलांना त्याचं फार अप्रूप. गावानं वर्गणी काढली आणि १०० वॅटचं पॅनल, १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी आणि इन्व्हर्टर आणला. बसवणाऱ्यानं सांगितलं, "चार तास आरामात चालेल."

पहिल्या सोमवारी खरंच चार तास चालला. मंगळवारी तीनच. बुधवारी दोन तासही झाले नाहीत तोवर इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि कवितेचा व्हिडिओ अर्ध्यात बंद पडला. रविवारी थोडी भर पडायची, की सोमवारपासून पुन्हा तेच. वर्ष संपेपर्यंत बॅटरीत अर्धा तासही दम राहिला नाही.

पालकसभेत मला उत्तर देता येईना. तेव्हा एक आजोबा म्हणाले, "बाई, हिरीची खोली बघून मोटर बसवत न्हाईत. झरा किती हाय ते बघत्यात." सगळी सौरऊर्जा या एका वाक्यात आली. बॅटरी म्हणजे विहीर, पॅनल म्हणजे झरा आणि संगणक म्हणजे मोटर. आम्ही झऱ्यापेक्षा मोठी मोटर रोज चार तास चालवत होतो.

हिशेब कसा करायचा

चौथी-पाचवीच्या मुलांना येणारा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

१) मोटर किती ओढते? डेस्कटॉपचा डबा साध्या कामाला साधारण ९० वॅट घेतो आणि जुना जाड मॉनिटर ७५ वॅट. एकूण १६५. पण बॅटरीतली वीज १२ व्होल्टची डीसी असते. इन्व्हर्टर तिची २३० व्होल्टची एसी करतो आणि त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. म्हणून बॅटरीतून प्रत्यक्षात १९५ वॅटच्या आसपास निघते. गंमत म्हणजे संगणकाच्या डब्यातला पॉवर सप्लाय त्याच एसीची पुन्हा डीसी करतो!

२) विहीर किती खोल? १२ व्होल्ट × १०० अँपिअर-अवर = १२०० वॅट-अवर. लाईट बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर, म्हणजे ही बॅटरी सव्वा युनिटसुद्धा धरत नाही. त्यात ॲसिडची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करायची नसते, निम्मीच वापरायची. हातात उरले ६००. भागिले १९५ केलं तर साधारण तीन तास, तेही बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर.

३) झरा किती? आपल्या भागात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला सुमारे ५ तास 'पूर्ण ऊन' मिळतं. सूर्य बारा तास असला तरी सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन कमी पडतं, म्हणून सगळं मिळून ५ तास धरायचे. १०० वॅट × ५ = ५०० वॅट-अवर. त्यातून धूळ, तारा, पॅनल तापणं आणि बॅटरी भरतानाचं नुकसान मिळून ३० टक्के वजा करा. उरले ३५०.

आता ३५० भागिले १९५ म्हणजे पावणेदोन तास. आमचा संगणक रोज एवढाच चालायला हवा होता. आम्ही चार तास चालवत होतो, म्हणजे रोज ७८० वॅट-अवर उपसत होतो आणि ३५० भरत होतो. ॲसिडची बॅटरी कायम अर्धीमुर्धी राहिली की तिच्या शिशाच्या प्लेटांवर कडक थर साचतो आणि मग ती भरूनही भरत नाही. बॅटरी खराब निघाली नव्हती. आम्हीच तिला उपाशी ठेवलं होतं.

मोठी बॅटरी घेतली असती तर?

बहुतेक जण हाच उपाय सुचवतात. पण झरा तेवढाच ठेवून विहीर खोल केली तर पाणी वाढतं का? मोठी बॅटरी भरायला तेच १०० वॅटचं पॅनल असेल तर तीही उपाशीच राहणार.

पॅनल वाढवणं हा खरा उपाय आहे, पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मोटर लहान करणं. आंतरजिल्हा बदलीनं मी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आले, तेव्हा इथल्या शाळेत हाच मार्ग धरला. एलईडी मॉनिटर २० वॅट. मोठ्या डब्याऐवजी हाताच्या पंजाएवढा मिनी संगणक, तो व्हिडिओ दाखवतानाही २५-३० वॅटच्या पुढे सहसा जात नाही. एकूण ५० वॅट, इन्व्हर्टरचं नुकसान धरून ६०. आता तोच भागाकार करा : ३५० भागिले ६०, जवळजवळ पावणेसहा तास. पॅनल तेच, बॅटरी तीच, तास तिपटीहून जास्त!

मुलांच्या शिकण्यात काही फरक पडला का? अजिबात नाही. त्यांना पडद्यावरचं चित्र दिसतं, डब्याचा आकार नाही.

जतचं ऊन आणि पाटणचा पाऊस

जतला वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तर पाटण तालुक्यातल्याच कोयनानगरला ५००० च्या घरात. त्यामुळे वर्षाची सरासरी इकडे जुलैत उपयोगाची नाही. गच्च ढगात 'पूर्ण ऊन' दीड तास धरलं तर १०० वॅटच्या पॅनलमधून हाती येतात १०५ वॅट-अवर, म्हणजे पावणेदोन तास. म्हणून आम्ही दुसरं पॅनल जोडलं आणि साडेतीन तासांची सोय केली. इन्व्हर्टरही असा घेतला की जो उन्हावर आणि लाईटवर दोन्हींवर बॅटरी भरतो. आपल्या शाळेचा हिशेब नेहमी सगळ्यात वाईट महिन्याचा करा. एप्रिल कोणालाही जमतो.

"सोलर आहे, तरी संगणक बंद का?"

हा प्रश्न मला बऱ्याच पालकांनी विचारलाय. पाटण तालुक्यातलीच मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून पुढे आली. त्याच वर्षी पीएम सूर्यघर योजना सुरू झाली आणि घरांच्या छपरावर पॅनल दिसू लागली. हे चांगलंच आहे. पण अशा योजनांतली जोडणी बहुतेक वेळा 'ऑन-ग्रिड' असते, म्हणजे बॅटरी नसते. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज लाईनला जाते आणि बिलातून वजा होते. लाईट गेली की ही यंत्रणा स्वतःहून बंद होते, डोक्यावर कितीही ऊन असो. कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा शॉक बसू नये.

म्हणून आधी ठरवा, आपल्याला बिल कमी करायचंय की लाईट गेल्यावर तास चालवायचाय? बिलासाठी ऑन-ग्रिड. तासासाठी बॅटरी हवीच. वर्गणी गोळा करण्याआधी हे पालकसभेत स्पष्ट सांगितलेलं बरं.

बसवताना आणि नंतर

• पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण १७ अंश, कारण सातारा-सांगली जवळपास तेवढ्याच अक्षांशावर आहेत.
• सावली अजिबात नको. थोड्या भागावर पडलेली सावलीसुद्धा पूर्ण पॅनलची वीज पाडते. आमच्याकडे झेंड्याच्या खांबाची सावली रोज दुपारी पॅनलवरून जायची, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं!
• इन्व्हर्टर 'साइन वेव्ह' घ्या. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर संगणकाचा पॉवर सप्लाय कुरकुरतो.
• चार्ज कंट्रोलर पॅनलला जुळणारा हवा. २४ व्होल्टचं पॅनल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं तर जवळजवळ निम्मी वीज वाया जाते. तिथे एमपीपीटी लागतो.
• बॅटरी वर्गात नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेशीर जागा, कुलूप, फ्यूज आणि अर्थिंग यात काटकसर करू नका.
• बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं पाणी नाही. उन्हाळी सुट्टीला जाण्याआधी पातळी बघून जा.
• पॅनल सकाळी, थंड असताना साध्या पाण्यानं धुवा. जतला धूळ होती, इथे माकडं आहेत. पॅनलवर चढायला मुलांना पाठवू नका.

मुलांसाठी कृती

परिसर अभ्यास आणि गणित एकत्र येतं असा हा उपक्रम आहे. मुलांना घरातल्या पाच उपकरणांवरचे वॅट लिहून आणायला सांगा (मोठ्यांसमोर आणि बटण बंद करून). पुढच्या रकान्यात रोजचे तास आणि शेवटी गुणाकार. आमच्या वर्गात सगळ्यांना वाटलं होतं की मिक्सर जास्त वीज खातो. ५०० वॅटचा मिक्सर ६ मिनिटं चालला तर ५० वॅट-अवर. ७५ वॅटचा पंखा ८ तास फिरला तर ६००! वॅट मोठे की तास मोठे, हे मुलांना एका तक्त्यात कळलं.

यंदा पाचवीच्या मुलांनी शाळेच्या संगणकाचा हिशेब स्वतः फळ्यावर मांडला. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आज ढग आहेत, तर एकच व्हिडिओ बघूया का?" मी हो म्हटलं. जतच्या पालकसभेत मला जे उत्तर देता आलं नव्हतं, ते आता माझ्या विद्यार्थ्यांना देता येतं.

आपल्या शाळेत खरेदी करायची असेल तर दुकानात जाण्याआधी हे तीन आकडे कागदावर लिहा : संगणक किती खातो, पॅनल पावसाळ्यात किती देतं आणि आपल्याला रोज किती तास हवेत. दुकानदाराला काय हवं ते मग तुम्ही सांगाल, तो तुम्हाला नाही.