परमुलखात राहायचं म्हणजे

बारावीचे आणि ‘नीट’चे निकाल लागले की आमच्या अंबाजोगाईत एक ठरलेला विषय निघतो. गाव वैद्यकीय महाविद्यालयाचं. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं, असं आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. त्यामुळे घराघराला वाटतं, आपल्याही पोरानं पांढरा कोट घालावा. मग गुण कमी पडतात, खासगी महाविद्यालयाची फी ऐकून वडिलांचा आवाज बसतो आणि कुणीतरी म्हणतं, “चीनला पाठवा की!” अशांतले बरेचजण माझ्याकडे येतात. मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. वैद्यकातलं मला कळत नाही आणि चीन मी नकाशातच पाहिलेला. पण माझा भाचा, मोठ्या आपाचा मुलगा, २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षं चीनमधल्या एका प्रांतात राहून डॉक्टर होऊन आला. बीजिंग-शांघायपासून दूर, पुण्याएवढं शहर. तिकडच्या हिशेबानं ते मध्यमच.

विचारणारे तीन प्रश्न विचारतात. खर्च किती, जेवायला काय मिळतं, आणि पोरगं सुरक्षित राहील ना? ‘तिथं तो कुणाशी आणि कोणत्या भाषेत बोलणार?’ हा चौथा प्रश्न आजवर एकाही बापानं विचारलेला नाही. मित्रहो, मला बोलायचंय ते त्याच प्रश्नाबद्दल. पण आधी साध्या गोष्टी उरकून घेऊ.

परक्या माणसानं चीनमध्ये पाऊल ठेवलं की चोवीस तासांच्या आत तो कुठे उतरलाय याची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवालेच ती करतात. कुणाच्या घरी राहिलात तर ठाण्यात जायचं. भाचा सुट्टीत पाठीवर पिशवी टाकून एकटा हिंडायचा. मोठ्या शहरात काही अडचण नाही. पण तालुक्यासारख्या गावात रात्री दहाला गाडीतून उतरावं आणि लॉजवाल्या बाईनं पासपोर्ट पाहून हात हलवावा : परदेशी माणूस चालत नाही! यात तुसडेपणा नसे. नोंदणी कशी करायची ते तिला ठाऊक नसे आणि पोलिसांचा धाक असे. परवाना नाही वगैरे कारण सांगून परदेशी पाहुण्याला परत पाठवू नका, असं सरकारनं हॉटेलांना २०२४ मध्ये बजावलं आहे. भाच्याच्या वेळी मात्र दोन-तीन रात्री स्टेशनच्या बाकावर गेल्या.

रेल्वेतल्या वर्गांची नावंच मोठी प्रामाणिक आहेत. ‘कठीण आसन’ आणि ‘कठीण शय्या’. कठीण शय्या म्हणजे आपला स्लीपर. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. थंड पाणी तिकडे कुणी फारसं पीतच नाही. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकाच्या हातात गरम पाण्याची बाटली. गूगल चालत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही. आपाला तेव्हा वीचॅट घालून द्यावं लागलं होतं. पुढे जून २०२० मध्ये आपल्या सरकारनं त्यावर बंदी घातली, तोवर पोरगा घरी आला होता.

जेवणाची काळजी आमच्या घरात जरा जास्तच होती. हलाल मिळेल का, या विचारानं आपानं पहिला महिना रडून काढला. पण चीनच्या कुठल्याही शहरात ‘छिंगचन’ अशी दोन अक्षरं लिहिलेली पाटी शोधली की काम होतं. छिंग म्हणजे निर्मळ, चन म्हणजे खरं. ही मुसलमानांची खाणावळ. लानचौ शहराच्या नावानं तिथं मांसाच्या रश्श्यातले नूडल मिळतात. पिठाचा गोळा डोळ्यांसमोर ताणून ताणून त्याच्या शेवया करतात. नावं लानचौची, पण देशभरातली ही दुकानं चालवणारे बहुतेकजण छिंगहाय प्रांतातल्या ह्वालोंग नावाच्या एका तालुक्यातले, ‘हुई’ जमातीचे. आमच्याकडे मुंबईतल्या उडुप्यांचं असतं, तसंच हे. भांड्यात पाच रंग दिसले पाहिजेत : नितळ रस्सा, पांढरा मुळा, लाल तिखट, हिरवी कोथिंबीर आणि पिवळसर शेवया. भाच्यानं आत शिरून सलाम केला की गल्ल्यावरचा म्हातारा दचकायचा आणि मग वाडगं काठोकाठ भरायचा. पूर्वी त्या पाट्यांवर अरबी अक्षरंही असत. २०१८-१९ पासून पुष्कळ ठिकाणी ती सरकारी हुकमानं काढायला लावली. भाच्यानं मला फोटो पाठवले होते, एकाच दुकानाचे, आधीचा आणि नंतरचा. अक्षरांच्या जागी नुसता हिरवा रंग फासलेला.

हे झालं राहण्या-जेवण्याचं. यात माणूस सहा महिन्यांत तरबेज होतो. पण एवढ्यानं तो तिथं ‘राहिला’ असं होत नाही. मुक्कामाला होता, इतकंच. परमुलखात राहणं काय असतं हे आपल्याच बाजूच्या एका माणसानं दाखवून दिलंय, आणि तेही चीनच्या अगदी आडगावात.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा चीनच्या मागणीवरून काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी आणि आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला ते मुंबईहून बोटीनं निघाले. चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘ह्वा’ जोडलं गेलं. ह्वा म्हणजे चीन. रोमन अक्षरांत कोटणिसांचं नाव ‘के दिहुआ’ असं दिसतं. उच्चार ‘ख तीह्वा’च्या जवळचा.

येनानला पोचण्याआधीच सोलापुरात वडील गेल्याची बातमी आली. ते परतले नाहीत. पुढे एकेक सहकारी परत फिरला. कोटणीस मात्र आघाडीमागच्या डोंगराळ खेड्यांत शिरले. जानेवारी १९४१ मध्ये ते हपेई प्रांतातल्या एका खेड्यात बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, ते कॅनडाचे शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून तिथंच काम करताना १९३९ मध्ये बोटाच्या जखमेतून विषबाधा होऊन वारले होते. खायला तिथं मुख्यतः राळ्याचा भात. राळ्याला चिनीत ‘श्याओमी’ म्हणतात. हो, मोबाईलच्या खोक्यावर असतो तोच शब्द! सोलापूरकराला भरडधान्याचं काय कौतुक म्हणा.

पण कोटणिसांनी जे केलं त्यातलं सगळ्यात मोठं काम आपण सहसा सांगत नाही. ते चिनी शिकले. बाजारहाटापुरतं नव्हे, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवण्याइतकं आणि पाठ्यपुस्तक लिहिण्याइतकं. एक पुस्तक पुरं केलं, दुसरं लिहिता लिहिता राहिलं. सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एका गल्लीत नांदणारं गाव. त्यांचा कान लहानपणीच तयार झाला असावा, असा माझा आपला तर्क. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. त्यात चिनी माणसंही हिंदीत बोलतात. सिनेमाची ती गरजच, पण त्यामुळे कोटणिसांचा हा पराक्रम पडद्यावर दिसतच नाही.

गावकरी त्यांना ‘हेई मामा’ म्हणत. हे ऐकून मला वाटलं, आपल्यासारखा मामाच केला की लोकांनी. भाचा हसला. म्हणाला, “मामू, चिनीत मामा म्हणजे आई. हेई म्हणजे काळी.” काळी आई. आपण शेतजमिनीला म्हणतो ते. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी तिथल्याच परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. भाचा एकदा शिच्याच्वांगला जाऊन त्यांच्या समाधीवर फुलं ठेवून आला. तिथल्या बागेतल्या एका म्हातारीनं त्याला विचारलं, “तू त्यांच्या गावचा का?” सोलापूर आणि अंबाजोगाईमधलं अंतर चीनच्या मानानं किती ते मोजून तो “हो” म्हणाला.

आता आजचं पाहा. करोनाच्या आधी चीनमध्ये तेवीस हजारांच्या वर भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक वैद्यकीयचे. शिक्षण इंग्रजीतून. परदेशी मुलांचं वसतिगृह वेगळं, वर्ग वेगळा. मुलं आपापसांत हिंदी-तेलुगू-मराठी बोलतात, कुकरमध्ये वरणभात लावतात, आणि पाच वर्षं निघून जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वॉर्डात जायची वेळ येते तेव्हा पेशंट समोर असतो चिनी शेतकरी. त्याला इंग्रजी येत नाही, यांना चिनी येत नाही. मग भिंतीला टेकून उभं राहायचं आणि प्राध्यापक काय करतात ते पाहायचं.

बीजिंगच्या भारतीय दूतावासानं सप्टेंबर २०२२ मध्ये पालकांसाठी एक सूचनापत्र काढलं. चीनमध्ये शिकून आलेल्या ४०,४१७ जणांनी २०१५ ते २०२१ या वर्षांत भारतातली पात्रता परीक्षा दिली. उत्तीर्ण झाले ६,३८७. याची कारणं अनेक असतील. कमी गुणांवर प्रवेश, दुय्यम महाविद्यालयं, दलाल. पण त्याच सूचनापत्रात हेही होतं, की वर्ग इंग्रजीत असले तरी रुग्णालयातल्या शिक्षणासाठी चिनी भाषेची चौथी पायरी पार करावी लागते. ‘एचएसके’ नावाची परीक्षा असते तिची ही पायरी. तेव्हाच्या हिशेबानं बाराशे शब्द. ही अट दलालाच्या रंगीत माहितीपत्रकात बारीक अक्षरांतसुद्धा नसते.

बाराशे शब्द म्हणजे काही डोंगर नव्हे. त्यातून मराठी माणसाला दोन सवलती जन्मजात आहेत. रोमन लिपीतलं ‘बी’ पाहून सगळे ‘बीजिंग’ म्हणतात. खरा उच्चार ‘पेइचिंग’च्या जवळ जातो. चिनीत भेद आहे तो प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांचा. इंग्रजाला तो शिकता शिकता घाम फुटतो, आपण तो अंगणवाडीत गिरवलेला असतो. दुसरी सवलत तर हिंदीवाल्यांनाही नाही. ‘चिमणी’तला च वेगळा आणि ‘चावणे’तला च वेगळा. चिनीत हे दोन्ही च आहेत. सकाळी भेटलं की म्हणतात ‘चाव’, म्हणजे ‘लवकर उठलात!’. त्यातला च अगदी ‘चावणे’तला. अवघड जातात ते चार सूर. एकच ‘मा’ सुरानुसार आई होते, ताग होते, घोडा होते किंवा शिवी देणं होते. भाच्यानं पहिल्या वर्षी घरमालकिणीच्या आईची चौकशी केली ती घोड्याच्या सुरात. बाईनं मनावर घेतलं नाही.

तिथले लोक त्याला पुढे म्हणायचे, “तू चिनी किती छान बोलतोस!” मलाही असं प्रशस्तिपत्र मिळतं. कविसंमेलनात कविता वाचली की कुणीतरी प्रेमानं हात धरून म्हणतं, “तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!” आमचं घर इथं कित्येक पिढ्यांचं; चुलीपाशी दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. भाच्याची स्तुती रास्त होती, तो खरोखरच परका होता. माझ्या स्तुतीला मी नुसता “शुक्रिया” म्हणतो.

भाच्याला चिनी आली ती मात्र पुस्तकातून नव्हे, वॉर्डात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं गुडघ्याखाली हात फिरवत एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगितला : ‘स्वान’. भाच्याला तो शब्द ठाऊक होता. स्वान म्हणजे आंबट. व्हिनेगर स्वान, लिंबू स्वान. पायाला आंबट काय होणार? बरोबरचा मुलगा “भ्रम दिसतोय” म्हणून कागदावर लिहायला निघाला. तेवढ्यात भाच्याच्या डोक्यात आमच्या अम्मीचा आवाज आला. शेतातून आली की ओसरीवर बसून शेजारणीला सांगायची, “पाय आंबलेत गं माझे.” आंबणं! श्रमानं स्नायू अवघडतात, त्याला मराठीत आंबणं म्हणतात आणि चिनीतही आंबटच म्हणतात. मग त्यानं बाकीचे शब्द त्या म्हाताऱ्याकडूनच काढून घेतले. मुंग्या येणं, बधिरणं म्हणजे ‘मा’. झणझणीत मिरीनं जीभ बधिरते तिलाही तोच शब्द. पोट फुगणं म्हणजे ‘चांग’. इंग्रजीतल्या एका ‘पेन’मध्ये हे सगळं कोंबलं, तर रोग्याला काय होतंय ते डॉक्टरला कसं कळावं?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? आमच्या रुग्णालयात परळी, केज, धारूरकडून माणसं येतात. ती ‘दुखतंय’ एवढ्यावर थांबत नाहीत. ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, रग लागते, आग होते, मुरडा येतो. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या दिशेला नेतो.

भारतातली परीक्षा भाचा दुसऱ्या प्रयत्नात पास झाला आणि त्याची इथली उमेदवारी सुरू झाली. बरोबर राजस्थानचा एक मुलगा होता, देशपातळीच्या कोट्यातून आमच्या बाजूला आलेला, हुशार. पहिल्या आठवड्यात तो केसपेपर घेऊन भाच्याकडे आला. समोरच्या खाटेवरची आजीबाई काहीतरी आंबल्याचं सांगतेय, म्हणाला. खाण्यातलं विचारू, की पोटाची तपासणी लिहू? भाच्यानं त्याला खाटेपाशी नेलं आणि आजीला विचारलं, “माय, कोणता पाय?”